पंचाहत्तरी बोटीवर की रिसॉर्टवर?

पेणमध्ये घरच्या मोठ्या समारंभांचा मोसम गणपतीच ठरवतो. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत इथल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत वैशाखापासून भाद्रपदापर्यंत कुणाला मान वर करायला सवड नसते. त्यामुळे साठी असो की लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, जे काही असेल ते ‘गणपती झाल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकललं जातं. रोह्याचं गणित निराळं असलं तरी उत्तर तेच निघतं: भात झोडून झालं की शेतकरी मोकळा, आणि धाटावच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्याला रजा मिळते ती साहेब सांगेल तेव्हा. एकूण काय, दिवाळीनंतर दोन्ही गावांत एकसष्ठ्या, पंचाहत्तऱ्या आणि सहस्रचंद्रदर्शनं सुरू होतात.

हल्ली समारंभ ठरवायच्या घरच्या बैठकांत एक नवा प्रश्न हमखास निघतो. हॉल, केटरर, तीनशे पानं, शाली आणि नारळ, हे सगळं कशाला? तेवढ्याच पैशात घरची माणसं मिळून क्रूझला जाऊ, असं मुंबईत नोकरी करणारा मुलगा म्हणतो. सुनेचं म्हणणं असतं की बोटबिट नको, राहणं-खाणं सगळं धरून मिळतं असं एखादं रिसॉर्ट घेऊ, म्हणजे सासूबाईंना आराम मिळेल. दोन्हींचे दर माणशी सांगतात, दोन्हींत जेवण धरलेलं असतं, म्हणून दोन्ही एकाच तागडीत घातली जातात. प्रत्यक्षात त्यांचा कारभार अगदी वेगळा चालतो, आणि तो समजून न घेता केवळ आकडे शेजारी शेजारी मांडले तर फसगत ठरलेली.

सगळ्यात आधी धार्मिक विधी आणि प्रवास यांची फारकत करून घ्यावी. आपल्याकडे वयाच्या टप्प्यांना शांती सांगितल्या आहेत: साठाव्या वर्षी उग्ररथ, सत्तराव्या वर्षी भैमरथी, पंचाहत्तराव्या वर्षी ऐंद्री. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब तर सरळ आकाशातला आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस धरले तर हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि वर दहाएक महिने लागतात. या शांतींना होम लागतो, आणि पंचाहत्तरीला ७५ दिव्यांनी ओवाळण्याची पद्धत घरोघर आहे. बोटीवर यातलं काहीही करता येत नाही. आग हा जहाजावरचा सर्वांत मोठा धोका, म्हणून केबिनमध्ये निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती, कापूर यांतलं काही पेटवायला मनाई असते. सामानाच्या तपासणीत काडेपेटी निघाली तर ती तिथेच ठेवून घेतात. ‘नुसतं एक निरांजन लावू, कोण बघतंय’ हा विचार मनातही आणू नये; केबिनच्या छताला धूर ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते.

तिथीचंही तसंच. रिसॉर्टला फोन करून ‘आम्हाला माघ शुद्ध पंचमी हवी’ म्हणता येतं. बोट मात्र तिच्या वेळापत्रकातल्या वारी सुटते. तिला तुमच्या भटजींशी कर्तव्य नसतं. म्हणून मला सोयीचं वाटतं ते असं: शांत आणि ओवाळणी तिथीने, पेणच्या घरी, सकाळच्या वेळात आटपावी. नातेवाईक जेवून गेले की विषय संपला. मग महिन्या-दोन महिन्यांनी सोयीच्या तारखेला घरच्यांचा प्रवास. एकदा हे दोन वेगळे केले की बोट की रिसॉर्ट हा प्रश्न निम्म्याने सोपा होतो, कारण त्यातून पंचांग निघून जातं आणि उरतात माणसं, गुडघे आणि पैसे.

माणसं मोजण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. पेणचे मूर्तिकार आजोबा, वय ७५, आणि आजी. दोन मुलगे, दोन सुना, प्रत्येकी एक मूल. रोह्याला दिलेली मुलगी, जावई आणि त्यांची सतरा वर्षांची लेक. जावयाचे आई-वडील, म्हणजे रोह्याचे व्याही आणि विहीणबाई. आणि आजोबांची धाकटी बहीण, जिला सगळे आत्या म्हणतात. ती एकटी आणि माळकरी. असे हे चौदा जण.

आता बोट. मुंबईहून भारतीयांसाठी नियमित चालणारी मोठी क्रूझ म्हणजे कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’. हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने फ्रान्समध्ये बांधलं गेलं, पुढे बरीच वर्षं रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं, आणि २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करू लागलं. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ नावाची मुंबई-गोवा बोट मोठ्या गाजावाजाने सुरू झाली होती; ती फार काळ टिकली नाही. एम्प्रेसच्या नेहमीच्या फेऱ्या दोन ते पाच रात्रींच्या: नुसतं समुद्रात जाऊन परत, किंवा गोवा, किंवा लक्षद्वीप आणि कोची. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे ती पूर्व किनाऱ्याला चेन्नईकडून चालवली गेली आहे. पेणकरांच्या दृष्टीने हे छानच जुळतं, कारण कारखान्यांना सवड आणि मुंबईच्या फेऱ्या दोन्ही साधारण एकाच काळात येतात.

बोटीचं भाडं खोलीवर ठरतं. जहाजाच्या पोटातली, खिडकी नसलेली खोली सर्वांत स्वस्त. तिला इनसाइड किंवा इंटीरियर म्हणतात. तिच्यावर न उघडणाऱ्या काचेची, समुद्र दिसणारी खोली, तिच्यावर बाल्कनीची, आणि सर्वांत वर सूट. जेवण, तरणतलाव, संध्याकाळचे कार्यक्रम सगळ्यांना सारखेच. इनसाइड खोलीतला माणूस आणि बाल्कनीवाला जेवायला एकाच रांगेत उभे असतात. त्यामुळे दोन रात्रींसाठी आजी-आजोबांना तेवढी बाल्कनी घ्यावी आणि बाकीच्यांनी पोटात राहावं, यात काही कमीपणा नाही. एक खबरदारी घ्यावी. अंधाऱ्या इनसाइड खोलीत पहाट झालेली कळत नाही, आणि चार वाजता उठायची सवय असलेल्या माणसाला त्यात कोंडल्यासारखं होतं.

भाडं माणशी सांगतात, पण ते ‘एका खोलीत दोघे’ असं गृहीत धरून. तिसरा आणि चौथा माणूस त्याच खोलीत वरच्या, भिंतीतून खाली येणाऱ्या पलंगावर झोपतो आणि त्याला दर कमी लागतो. एकट्याने खोली घेतली तर जवळपास दोघांचे पैसे. आमच्या आत्याचं काय होतं ते बघू. हिशेबापुरतं समजा की पहिल्या दोघांना माणशी २०,००० आणि तिसऱ्याला १२,००० रुपये. तिन्ही नातवंडं आपापल्या आई-बापांच्या खोलीत आणि आत्या एकटी अशी विभागणी केली, तर पाच खोल्यांतले दहा जण २,००,०००, तीन मुलं ३६,००० आणि आत्याच्या एकटीच्या खोलीचे ४०,०००; एकूण २,७६,०००. तेच सतरा वर्षांच्या नातीला आत्याच्या खोलीत पाठवलं, की बारा जण पूर्ण दराने २,४०,००० आणि दोन मुलं २४,०००, एकूण २,६४,०००. खोल्या दोन्हीकडे सहाच, पण नुसत्या झोपायच्या जागा बदलून १२,००० वाचले. शिवाय आत्याला रात्री पाणी द्यायला कुणीतरी जवळ. ही मांडणी एजंट आपणहून करून देईलच असं नाही, ती घरीच कागदावर करावी.

या आकड्यावर बंदराचे आकार, कर्मचाऱ्यांसाठीची ग्रॅच्युइटी आणि जीएसटी चढतो. जाहिरातीतला दर बहुधा हे सगळं वगळून असतो, म्हणून एजंटला एकच विचारावं: ‘बोटीवर पाय ठेवेपर्यंत एकूण किती?’ आणि मग दुसरा प्रश्न: ‘पाय ठेवल्यावर काय काय वेगळं?’ उत्तर साधारण असं येतं: दारू आणि बहुतेक शीतपेयं वेगळी, काही खास रेस्टॉरंटं वेगळी, मालिश वेगळं, वायफाय वेगळं, किनाऱ्यावर उतरून फिरायची सहल वेगळी. हे सगळे खर्च एका कार्डावर चढतात. तेच कार्ड तुमच्या खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच उधारीचं खातं. हिशेब शेवटच्या दिवशी. नातवंडांच्या कार्डांवर खर्चाची मुभा ठेवायची की नाही, हे पहिल्या दिवशीच काउंटरवर सांगून ठेवलेलं बरं. किनारा सुटला की काही वेळाने मोबाइलची रेंज जाते. तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर जहाजावरच्या उपग्रहाच्या नेटवर्कला फोन आपोआप जोडला जाऊन बिल भलतंच येऊ शकतं.

निघायच्या दिवसाचा क्रम ठरलेला आहे. बोट संध्याकाळी सुटणार असली तरी दुपारीच टर्मिनलवर पोचावं लागतं. पेणहून चिरल्याला अटल सेतूवर चढून शिवडी आणि पुढे फ्री वेने थेट बॅलार्ड पिअरच्या बाजूला उतरता येतं. जानेवारी २०२४ मध्ये हा पूल झाल्यापासून पेणकराला मुंबईची गोदी पनवेलकराइतकीच जवळ आली. कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. चौदा जणांना एक मिनीबस केली की रोह्याची मंडळी आदल्या रात्री पेणला मुक्कामाला येऊ शकतात. रोहा ते पेण या तुकड्यात मुंबई-गोवा महामार्ग कोणत्या दिवशी कसा वागेल, याची हमी २०११ पासून कुणीच दिलेली नाही.

टर्मिनलवर मोठ्या बॅगांना खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लागते आणि त्या तुमच्या हातून जातात. खोलीच्या दाराशी येतात त्या थेट संध्याकाळी, कधी रात्री. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आजीची इन्सुलिन, चष्मा आणि एक बदलायचा कपडा खांद्यावरच्या पिशवीतच हवा. ही गोष्ट ज्यांना माहीत नसते त्यांची पहिली संध्याकाळ वाया जाते. घरचं शिजवलेलं अन्न बहुधा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे पुरणपोळ्यांचा डबा बसमध्येच संपवावा. मग सुरक्षेची कवायत असते: कोणत्या जागी जमायचं, जीवनरक्षक जाकीट कसं घालायचं. ती टाळता येत नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्या जहाजावर नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता घ्यावीच लागते.

रायगडच्या घरात बोटीचा विषय निघाला की जुनी माणसं गप्प होतात, आणि त्याला कारण आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यांत याच जिल्ह्यातली घरंच्या घरं होती. आजोबांच्या जन्माआधीची गोष्ट असली तरी ती ऐकतच ते वाढले. त्यांना हसण्यावारी नेण्यापेक्षा फरक सांगावा: ती भर पावसाळ्यातली लहान, गच्च भरलेली बोट होती, ही दोनशे मीटरहून लांब आहे आणि पावसाळ्यात या किनाऱ्याला ठेवलीच जात नाही. डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत असतो. तरी पोटात ढवळणाऱ्यांनी खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्यावी, कारण टोकांपेक्षा मध्यावर हेलकावे कमी जाणवतात. घाटात लागते म्हणून घराघरात असणारी आव्होमिन इथेही चालते. मात्र प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्या आजोबांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. बोटीवर डॉक्टर असतो, पण तपासणीचे आणि औषधांचे पैसे वेगळे. गर्भवतींना साधारण २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. घरात कुणाकडे गोड बातमी असेल तर तारीख त्या हिशेबाने धरावी.

गुडघ्यांचं कसं? बोटीच्या आत लिफ्ट आहेत, पण जहाज लांब आहे आणि बोळ अरुंद. चाकाची खुर्ची आत जाईल अशा रुंद दाराच्या खोल्या मोजक्याच, त्या आधीच जातात. खरा प्रश्न उतरताना येतो. गोव्यात जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं; तिथून पायऱ्या किंवा उतार, मग बस. आजीला जमेल. लक्षद्वीपला मात्र एवढ्या मोठ्या जहाजाला धक्काच नाही; ते बाहेर नांगर टाकतं आणि माणसांना छोट्या बोटींत उतरवतात, हलत्या पाण्यावर, एक पाय इकडे एक पाय तिकडे करत. लक्षद्वीपला जायला परवानाही लागतो. पंचाहत्तरीच्या प्रवासासाठी मी गोव्याच्या पुढे जाणार नाही. आणि गोव्यातही मुरगावहून पणजी किंवा जुन्या गोव्यापर्यंत जाऊन यायला हातात काही तासच असतात, हे मनाशी ठेवावं. मंगेशीचं दर्शन निवांत होईल ही अपेक्षा नको.

आता दुसरी बाजू, सगळं धरून मिळणारा मुक्काम. हॉटेलांच्या भाषेत त्याच्या पायऱ्या आहेत: सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे त्यावर एक वेळचं जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. त्याही पुढे ऑल-इन्क्लूझिव्ह, म्हणजे दिवसभराचं चहापान, खाणं, दारू, काही खेळ सगळं आत. आपल्याकडे एजंट अनेकदा एपीलाच ‘ऑल-इन्क्लूझिव्ह’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा नावाला न भुलता या अक्षरांवर बोट ठेवून विचारावं. खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० च्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के लागतो. त्यामुळे ७,४०० आणि ७,८०० यांतलं अंतर बिलावर ४०० पेक्षा पुष्कळ मोठं दिसतं.

रोहेकरांना हा प्रकार शोधायला लांब जायला नको. कोलाडला कुंडलिकेच्या काठाने रिसॉर्टांची रांग आहे, आणि त्यांचा हिशेब अगदी सरळ: माणशी अमुक, दुपारी या, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघा, मधे जेवण, संध्याकाळी चहा-भजी, रात्रीचं जेवण, नाश्ता. त्यातलं ‘सगळं’ नेमकं कुठे संपतं ते मात्र ताटात कळतं. मांसाहारी जेवण म्हणजे चिकन. सुरमई किंवा पापलेट हवं तर तुकड्यागणिक वेगळे पैसे. घरात निम्मे शाकाहारी असतील तर त्यांच्यासाठी दर कमी करा असं म्हणायला काही हरकत नाही. दहापेक्षा जास्त माणसांना बरेच मालक ऐकतात.

कोलाडचं आकर्षण म्हणजे राफ्टिंग, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. नदीला बारमाही जोर आहे तो पावसाचा नव्हे, विजेचा. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली टाटांच्या भिरा वीजघरात येतं, तिथे वीज करून ते कुंडलिकेत सोडतात, आणि त्या लोंढ्यावर रबरी तराफे बारा-चौदा किलोमीटर वाहत जातात. पाणी सोडण्याची वेळ सकाळची. ते सोडलं की निघावं लागतं, चहा राहिला म्हणून नदी थांबत नाही. साधारण चौदा वर्षांखालच्या मुलांना राफ्टिंगला घेत नाहीत. म्हणजे आपल्या चौदा जणांत राफ्टवर चढणार पाच-सहा जण. बाकीच्यांनी सकाळभर काय करायचं याचा विचार आधी व्हायला हवा. व्याह्यांना तर त्यात काही नवलच नाही, कुंडलिका त्यांच्या घरामागून वाहते.

मधला एक मराठी मार्ग आहे तो विसरू नये: टूर कंपनीबरोबरची सहल. १९८४ पासून केसरी आणि २०१३ पासून वीणा वर्ल्ड अशांनी तो पक्का केला. विमान, हॉटेल, बस, तिन्ही वेळचं जेवण, प्रवेश तिकिटं, सोबत मराठी बोलणारा टूर लीडर. हे खऱ्या अर्थाने सगळं धरून आहे. पण तो प्रवास बघण्याचा आहे, एकत्र बसण्याचा कमी. सकाळी सातला बॅगा बाहेर, आठला बस. पंचाहत्तरीच्या आजोबांना आपल्या माणसांत गप्पा हव्या असतील तर चाळीस अनोळखी सहप्रवाशांबरोबर घड्याळाच्या काट्यावर धावणं त्यांना मानवेलच असं नाही.

परदेशातली ऑल-इन्क्लूझिव्ह रिसॉर्टं, म्हणजे मालदीव, मॉरिशस वगैरे, इथे गणित पुन्हा बदलतं. त्या दरात दारू धरलेली असते, पिणाऱ्याची आणि न पिणाऱ्याची सारखीच. आपल्या चौदा जणांत आत्या माळकरी, विहीणबाई आणि आजी पिण्याचं नाव काढणार नाहीत, तीन मुलं. म्हणजे जवळपास निम्मं कुटुंब दुसऱ्यांच्या ग्लासाचे पैसे भरणार. तिथे फुल बोर्ड, म्हणजे आपलं एपीच, घेतलेलं शहाणपणाचं. मालदीवला भारतीयांना पोचल्यावर व्हिसा फुकट मिळतो हे खरं. पण मालेहून रिसॉर्टच्या बेटावर जाण्याचे पैसे अनेकदा दरात नसतात, आणि लांबच्या बेटाला जाणारी सीप्लेन फक्त उजेडात उडतात. मुंबईचं विमान संध्याकाळी पोचलं तर पहिली रात्र विमानतळाजवळ काढावी लागते. असं ठिकाण चौदा जणांच्या पंचाहत्तरीपेक्षा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला फक्त जोडप्याने जायला जास्त शोभतं, असं माझं मत आहे. परदेशी पॅकेजवर टीसीएस नावाचा कर पैसे भरतानाच घेतात. तो कर तुमच्या आयकरात वळता होतो, पण त्यासाठी पॅन नेमका त्याचाच द्यावा ज्याच्या नावाने पैसे भरले आहेत. त्याचे दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, म्हणून त्या वर्षीचा विचारून घ्यावा.

बोट आणि रिसॉर्ट यांतला सर्वांत मोठा फरक दिसतो तो काही बिघडलं की. कोलाडला आजोबांना रात्री ताप आला तर तासाभरात रोह्याच्या किंवा पेणच्या दवाखान्यात पोचता येतं, बाकीचे तिथेच राहू शकतात. बोटीवरून मधेच उतरता येत नाही. रिसॉर्टचा मालक ओळखीचा असतो, तारीख पुढे सरकवतो, कापले तर थोडे पैसे कापतो. बोटीच्या कंपनीचा रद्द करण्याचा तक्ता छापील असतो: जितकं उशिरा रद्द कराल तितकी जास्त कपात, शेवटच्या दिवसांत सगळेच पैसे गेले. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचं नाव यादीत असताना प्रवास विमा घ्यावाच, आणि त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का ते वाचावं. पैसे भरताना पेणकराला जास्त सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेचे दरवाजे बंद झाले तेव्हापासून इथला माणूस ‘आगाऊ’ या शब्दाला दचकतो. आगाऊ रक्कम एजंटच्या खासगी खात्यात नव्हे, कंपनीच्या नावाने भरावी. जीएसटी क्रमांक असलेली पावती आणि बुकिंग क्रमांक हातात येईपर्यंत दुसरा हप्ता देऊ नये.

या चौदा जणांसाठी मला विचाराल तर मी हिवाळ्यातली दोन रात्रींची बोट घेईन. कारण साधं आहे: या कुटुंबात सतरा वर्षांची मुलगी आणि ७५ वर्षांचा मूर्तिकार आहे. बोटीवर दिवसभर दोघे आपापल्या वाटेने जाऊ शकतात, कुणाला कुणी सोडायला-आणायला लागत नाही, आणि रात्री जेवायला सगळे एका टेबलाशी येतात. रिसॉर्टवर पहिली रात्र मजेत जाते, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुरुष पत्त्यांना बसतात आणि मुलं वायफायचा पासवर्ड मागत फिरतात. पण आजोबांची तब्येत जरा जरी डळमळीत असेल, किंवा माणसं चौदाची तीस झाली, तर कोलाड. तीस जणांच्या खोल्या बोटीवर एका मजल्यावर मिळतीलच असं नाही, आणि न मिळाल्या तर एकत्र जाण्याचा हेतूच बाजूला पडतो.

राहता राहिली कागदपत्रं. देशातल्या देशात क्रूझला आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅन चालेलच असं धरू नये. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणारी क्रूझ कुणाच्या डोक्यात असेल तर मल्टिपल एन्ट्री व्हिसा लागतो, कारण बोटीवर चढलात की तुम्ही तो देश सोडलेला असता. सर्वांत जास्त घोळ होतो तो आजींच्या नावाचा. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, माहेरच्या कागदांवर तिसरं. कुठे नवऱ्याचं नाव मधे, कुठे वडिलांचं. विहीणबाईंचं तर घरातलं नावच लग्नात बदललेलं. तिकीट काढताना फोनवर विचारून नावं नोंदवू नयेत. चौदा आधार कार्डांच्या झेरॉक्स समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवावं. तिकीट निघाल्यावर नाव दुरुस्त करायला पैसे लागतात, आणि टर्मिनलच्या खिडकीवर ते पैसे देऊनही होईलच याची खात्री नसते.